राहणे आणि सोडणे : नोकरीतील स्पर्धाबंदीचा करार व त्याचा मोबदला

१. प्रश्नाचे स्वरूप

समजा, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावचा एक तरुण सुपा येथील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीस आहे. रुजू होताना त्याने जे नेमणूकपत्र स्वीकारले त्यात नोकरी संपल्यानंतरच्या काळाविषयी एक अक्षरही नव्हते. चौथ्या वर्षी त्याच्यापुढे एक इंग्रजी कागद ठेवण्यात येतो. नोकरी सोडल्यापासून दोन वर्षेपर्यंत त्याने त्याच धंद्यातील अन्य कारखान्यात नोकरी धरू नये व स्वतःही तो धंदा करू नये, असे त्यात लिहिलेले असते. पगारात वाढ नाही, हुद्द्यात बदल नाही. सही केली तर नोकरी चालू राहील, एवढेच त्याला सांगण्यात येते. तो सही करतो. पुढे दोन वर्षांनी अन्यत्र अधिक पगाराची जागा मिळते, तेव्हा त्या सहीने तो बांधला गेला आहे काय?

या प्रश्नाची मांडणी बहुधा मोबदल्याच्या अंगाने केली जाते. करार म्हटला की देणे आले तसे घेणेही आले. नोकराने दोन वर्षांचे स्वातंत्र्य दिले. त्याच्या बदल्यात त्याला काय मिळाले? 'चालू राहिलेली नोकरी' हाच मोबदला मानता येईल काय? अमेरिकेतील अनेक राज्यांच्या न्यायालयांनी या प्रश्नाचा मोठा खल केला आहे. भारतीय कायद्याचे उत्तर मात्र निराळ्या वाटेने येते. मोबदला मिळाला असे मानले तरी हा तरुण नोकरी संपल्यानंतरच्या काळापुरता बांधला जात नाही. हे उत्तर कोणत्या शब्दांवर उभे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. मोबदल्याच्या व्याख्येतील तीन काळ

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २ (घ) मध्ये मोबदल्याची व्याख्या आहे व ती व्याकरणदृष्ट्या लक्षणीय आहे. वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून दुसऱ्या पक्षाने काही केले असेल वा करण्याचे टाळले असेल; तो ते करीत वा टाळीत असेल; किंवा करण्याचे वा टाळण्याचे वचन देत असेल; तर ती कृती, तो परिहार अथवा ते वचन म्हणजे मोबदला होय. भूत, वर्तमान आणि भविष्य हे तिन्ही काळ येथे एका व्याख्येत आले आहेत. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यात होऊन गेलेली गोष्ट सामान्यतः मोबदला ठरत नाही. भारतीय व्याख्येने भूतकाळालाही स्थान दिले. तेव्हा मोबदल्याचे दार येथे पुष्कळच रुंद आहे.

तथापि व्याख्येतील क्रियापदे तिन्ही काळांत सकर्तृक आहेत. कोणीतरी काही करतो, टाळतो किंवा वचन देतो. मराठीत या संदर्भात दोन वाक्ये संभवतात : 'त्याची नोकरी चालू राहिली' आणि 'मालकाने त्याला नोकरीवर ठेवले'. पहिल्यात केवळ एक स्थिती सांगितली आहे. ती कोणी घडविली याचा निर्देश नाही. दुसऱ्यात कर्ता स्पष्ट आहे. नोकरी केवळ 'राहिली' असेल तर व्याख्येतील मोबदला सिद्ध होत नाही. मालकाने ती 'ठेवली' असेल, म्हणजे काढून टाकण्याचा हक्क असूनही तो वापरला नसेल, तरच परिहाररूप मोबदला संभवतो. इंग्रजी कागदातील 'कंटिन्यूड एम्प्लॉयमेंट' या शब्दसमूहात हा भेद झाकला जातो, कारण नामरूप झालेल्या क्रियेला कर्ता लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत सामान्यतः मालकाला कोणत्याही दिवशी, कारण न देता नोकराला दूर करता येते. त्यामुळे 'आज काढले नाही' हा तेथे खराच परिहार ठरू शकतो. भारतात कामगार कायद्यांच्या कक्षेत येणाऱ्या कायम नोकराच्या बाबतीत मालकाचा हा हक्क पुष्कळ मर्यादित आहे. जो हक्क मुळातच हाती नाही, त्याचा त्याग मोबदला म्हणून पुढे करता येत नाही.

शिवाय कलम २५ च्या स्पष्टीकरणात असे सांगितले आहे की, मोबदला अपुरा आहे एवढ्यावरून करार शून्य होत नाही. परंतु संमती मुक्तपणे दिली होती काय हे ठरविताना न्यायालय त्या अपुरेपणाचा विचार करू शकते. 'सही कर, नाहीतर जा' या वाक्याचे मोल ठरविताना हे स्पष्टीकरण उपयोगी पडते.

३. कलकत्त्याचे तांबट

आता मुख्य मुद्द्याकडे वळावे. कलम २५ प्रमाणे बिनमोबदल्याचा करार काही अपवाद वगळता शून्य असतो. कलम २७ प्रमाणे ज्या कराराने कोणालाही कायदेशीर व्यवसाय, व्यापार वा धंदा करण्यापासून अडविले जाते, तो त्या मर्यादेपर्यंत शून्य असतो. ही शून्ये दोन प्रकारची आहेत. पहिल्यातील उणीव मोबदल्याने भरून निघते. दुसऱ्यातील दोष मोबदल्याने जात नाही. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच 'चालू नोकरी पुरेशी आहे काय' हा प्रश्न भारतात निर्णायक असल्याचा भास होतो.

हा भेद स्पष्ट करणारा जुना खटला कलकत्त्याचा आहे. माधवचंद्र परामाणिक विरुद्ध राजकुमार दास या नावाने तो ओळखला जातो व त्याचा निकाल १८७४ साली लागला. वादी व प्रतिवादी दोघेही एकाच भागात तांबटकीचा धंदा करीत. वादीने त्या भागातील आपले दुकान बंद करावे आणि त्याने कारागिरांना दिलेली ९०० रुपयांची उचल प्रतिवादीने भरून द्यावी, असे ठरले. वादीने दुकान बंद केले. पैसे मिळाले नाहीत. म्हणून त्याने दावा लावला. येथे मोबदल्याची वाण नव्हती. एका पक्षाने आपला भाग प्रत्यक्ष पार पाडला होता. तरीही मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच यांनी करार शून्य ठरविला व वादीला पैसे मिळाले नाहीत.

त्या निर्णयातील एक युक्तिवाद भाषेच्या अभ्यासकाने विशेष पाहण्यासारखा आहे. कलम २७ केवळ संपूर्ण बंदीला लागू आहे, एका मोहल्ल्यापुरत्या अंशतः बंदीला नाही, असे वादीचे म्हणणे होते. न्यायालयाने लगतच्या कलम २८ कडे लक्ष वेधले. न्यायालयात दाद मागण्याच्या हक्काविषयीच्या त्या कलमात 'सर्वथैव' या अर्थाचे क्रियाविशेषण आहे. कलम २७ मध्ये ते नाही. एकाच विधिमंडळाने शेजारच्या कलमात जो शब्द जाणून वापरला तो येथे गाळला, तर त्या गाळण्यालाही अर्थ आहे. एका क्रियाविशेषणाच्या अभावावर सिद्ध झालेला हा नियम पुढे दीडशे वर्षे टिकला : बंदी अल्प आहे, वाजवी आहे, थोड्याच काळाची आहे, हे म्हणणे भारतात कलम २७ ला उत्तर ठरत नाही. लॉ कमिशनने १९५८ सालच्या तेराव्या अहवालात वाजवी बंदीला वाव देणारी दुरुस्ती सुचविली होती. ती झाली नाही.

अलीकडच्या काळात मुंबई उच्च न्यायालयापुढे व्हीएफएस ग्लोबल या कंपनीचे जे प्रकरण आले, त्यातही हेच तत्त्व दिसते. राजीनाम्यानंतर तीन महिने अन्यत्र नोकरी धरू नये व त्या काळाची भरपाई कंपनीकडून घ्यावी, अशी अट तेथे होती. नोकरी संपल्यावर घरी बसण्याचे रोख पैसे मिळणार होते, तरीही न्यायालयाने त्या अटीस व्यवसायाला अवरोध करणारी मानले. रोख पैशाने जे साधत नाही ते केवळ चालू नोकरीने साधेल, असे म्हणणे कठीण आहे.

४. एका मसुद्याची दोन अपत्ये

कलम २७ इतके कठोर का, याचे कारण त्याच्या जन्मकथेत आहे. इंग्लंडमध्ये १७११ च्या मिचेल विरुद्ध रेनॉल्ड्स या खटल्यापासून अंशतः व वाजवी बंदी मान्य होत आली होती. भारतीय कलमाने तो मार्ग घेतला नाही. त्याचा मूळ आदर्श डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यूयॉर्क राज्यासाठी तयार केलेल्या दिवाणी संहितेच्या मसुद्यात सापडतो. गंमत अशी की, न्यूयॉर्कने तो मसुदा कधीच स्वीकारला नाही. परंतु १८७२ या एकाच वर्षी भारताने व कॅलिफोर्नियाने त्यातील हा नियम आपापल्या कायद्यात घेतला. आजही नोकरीनंतरची स्पर्धाबंदी मुळातच शून्य मानण्याच्या बाबतीत कॅलिफोर्निया भारताच्या सर्वांत जवळ आहे.

ज्या राज्यांत असा नियम नाही तेथेच मोबदल्याचा प्रश्न निर्णायक होतो, आणि तेथे मतभेदही तीव्र आहेत. २०१५ साली विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने, पंधरा वर्षांहून अधिक काळ नोकरीत असलेल्या नोकराला 'सही कर, अन्यथा काढू' असे सांगून घेतलेल्या सहीच्या बाबतीत, मालकाने त्याला न काढणे हाच पुरेसा मोबदला ठरविला. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चालू नोकरी पुरेशी नाही, काहीतरी नवे दिले पाहिजे, असे ठरविले. इलिनॉयमध्ये मधला मार्ग निघाला : सही झाल्यावर किमान दोन वर्षे नोकरी प्रत्यक्ष टिकली, अथवा अन्य काही पुरेसा लाभ दिला, तरच मोबदला पुरेसा. या मतभेदाचे मूळ 'राहिली' आणि 'ठेवली' यांतील अंतरातच आहे. विस्कॉन्सिनने ठेवण्याची क्रिया पाहिली, इलिनॉयने राहिलेला काळ मोजला.

५. मुदतीच्या आतील बंधन

याचा अर्थ भारतात नोकराला कोणतेच बंधन घालता येत नाही, असा नव्हे. नोकरी चालू असताना त्याने त्याच मालकाची सेवा करावी, प्रतिस्पर्ध्याची करू नये, ही अट वैध आहे. ती व्यवसायाला अवरोध करीत नाही. नोकरी या शब्दाच्या अर्थातच ती अंतर्भूत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १८९८ साली झांजिबारमधील एका डॉक्टरच्या प्रकरणात हे सांगितले. सहायक म्हणून तीन वर्षे काम करण्याचे ठरवून एक वर्षातच निघून गेलेल्या व स्वतंत्र व्यवसाय थाटलेल्या डॉक्टरला, ठरलेल्या मुदतीपुरती मनाई करण्यात आली.

या विषयावरील प्रमुख निर्णय महाराष्ट्रातीलच प्रकरणातून निघाला. कल्याणजवळ टायरसाठी लागणारा दोरा तयार करणाऱ्या सेंच्युरी कंपनीच्या कारखान्यात निरंजन शंकर गोलीकारी यांची १९६३ साली पाच वर्षांच्या करारावर पाळी-पर्यवेक्षक म्हणून नेमणूक झाली. परदेशी कंपन्यांकडून घेतलेले तंत्र गुप्त राखण्याची जबाबदारी कंपनीवर होती व तेच तंत्र त्यांना शिकविण्यात आले होते. १९६४ साली ते नोकरी सोडून कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरील मनाई कायम केली. मात्र ती १५ मार्च १९६८ पर्यंतच, म्हणजे मूळ पाच वर्षे जेथे संपत होती तेथपर्यंतच होती. मुदतीतील बंधन आणि मुदतीनंतरचे बंधन यांची कसोटी निराळी आहे, हे त्या निर्णयाचे सार होय.

२०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात हाच भेद पुन्हा मांडला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट तेथे वैध ठरली, कारण त्या अटीने पुढील नोकरीला आडकाठी केलेली नव्हती. मुदतीपूर्वी जाण्याचे मूल्य फक्त ठरविले होते. तेव्हा आपल्या समोरील कागदात 'अन्यत्र नोकरी करू नये' असे लिहिले आहे की 'अमुक काळाआधी गेल्यास रक्कम भरावी' असे लिहिले आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

६. 'सोडणे' आणि 'सुटणे'

मुदतीनंतरच्या बंदीविषयी १९८० सालचा सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध मुरगई हा निर्णय शब्दार्थाच्या अभ्यासाला विशेष उपकारक आहे. कंपनीचे दिल्लीतील शाखाधिकारी १९७१ साली नेमले गेले आणि १९७८ साली कंपनीनेच त्यांना दूर केले. कंपनी 'लीव्ह' केल्यावर दोन वर्षे, शेवटच्या नेमणुकीच्या ठिकाणी, प्रतिस्पर्धी धंदा करू नये, अशी अट होती. न्या. तुळजापूरकर यांनी बहुमताच्या निर्णयात त्या एका शब्दावरच प्रकरण संपविले : 'लीव्ह' म्हणजे आपण होऊन सोडणे; मालकाने काढून टाकणे त्यात येत नाही. न्या. अ. प. सेन यांनी स्वतंत्र मतात कलम २७ लावून, नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी मुळातच शून्य असल्याचे म्हटले.

हाच करार मराठीत लिहिला असता तर पहिला वाद बहुधा उद्भवलाच नसता. मराठीत 'त्याने नोकरी सोडली', 'त्याची नोकरी सुटली' आणि 'त्याला नोकरीवरून काढले' ही तीन भिन्न विधाने आहेत. 'सोड' व 'सुट' या धातूंच्या जोडीत स्वेच्छा आणि अनिच्छा यांचा भेद धातूच्या रूपातच उमटतो. इंग्रजी शब्दाने जे संदिग्ध ठेवले ते मराठीला उघड करून सांगावे लागते. करार मराठीत मिळावा ही मागणी म्हणून केवळ भाषाभिमानाची नाही. कोण कोणत्या प्रसंगी बांधला जातो, हे त्यामुळे सही करण्यापूर्वीच कळू शकते.

अहिल्यानगर जिल्ह्याशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांचा पर्सेप्ट डी'मार्क या संस्थेशी २००० साली तीन वर्षांचा करार झाला होता. मुदत संपल्यावर अन्य कोणाशी करार करण्यापूर्वी त्याच अटी प्रथम या संस्थेपुढे ठेवाव्यात, असे एक कलम त्यात होते. हे नोकरीचे नाते नव्हते. तरी २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा निर्णय उचलून धरून, मुदत संपल्यानंतरही माणसाला अडवून ठेवणारे असे कलम चालणार नाही, असे ठरविले. पहिल्या पसंतीच्या सौम्य भाषेत घातलेली अडवणूकही अडवणूकच असते.

७. हिवरे बाजारच्या बंद्या

प्रारंभीच्या उदाहरणातील तरुण ज्या गावचा आहे, ते गावही बंधनांवर उभे राहिलेले आहे. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली, आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीला धरून, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान स्वीकारले. पुढे शेतीसाठी विंधनविहिरी न घेणे, उसासारखी पाणी पिणारी पिके न घेणे, जमीन बाहेरच्यांना न विकणे असे निर्णय ग्रामसभेने केले. '-बंदी' हा प्रत्यय फारसीतून आला; त्यामागील मूळ संस्कृत 'बन्ध्' व इंग्रजी 'बॉण्ड' यांचेच आहे. तेव्हा कारखान्याचा 'बॉण्ड' आणि गावची 'बंदी' हे शब्द सगोत्र आहेत.

गोत्र एक असले तरी व्यवहार भिन्न आहे. गावात राहणारा शेतकरी विंधनविहीर घेत नाही, तेव्हा त्याचा शेजारीही घेत नाही. एकाच्या परिहाराचा मोबदला दुसऱ्याचा परिहार असतो आणि दोघांना मिळणारे पाणी विहिरीत दिसते. तेथेही 'राहणे' हे संमतीचे चिन्ह आहे. परंतु राहणाऱ्याला ग्रामसभेत बोलता येते. कारखान्यातील कागदात परिहार एकट्या नोकराचा असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हिवरे बाजारची बंदी गावाच्या शिवेपाशी संपते. गाव सोडून अन्य तालुक्यात जमीन घेणाऱ्याने तेथे ऊस लावू नये, असे ग्रामसभा म्हणत नाही. सदस्यत्व आहे तोवर बंधन, सदस्यत्व संपले की मोकळीक, हा विवेक कलम २७ च्या अन्वयार्थाशी जुळणारा आहे.

८. निष्कर्ष

चालू नोकरी ही नोकरीनंतरच्या स्पर्धाबंदीला भारतात बळ देऊ शकत नाही. ती मोबदला ठरते की नाही हा वाद प्रसंगी नोकराविरुद्ध गेला तरी परिणाम बदलत नाही, कारण कलम २७ चा दोष मोबदल्याने धुतला जात नाही. चालू नोकरीचे खरे कार्य निराळे आहे : ती बंधनाच्या आयुष्याची सीमा ठरविते. सेवा अथवा कबूल केलेली मुदत चालू आहे तोपर्यंत निष्ठेचे बंधन वैध. ती संपली की ते बंधनही संपते. व्यापारी गुपिते न फोडण्याची जबाबदारी आणि मुदतबंद सेवेची वाजवी रक्कम हे स्वतंत्र विषय असून ते नोकरी संपल्यावरही उरू शकतात.

मात्र कायद्यात शून्य असलेला कागद व्यवहारात शून्य नसतो. सही केलेला मनुष्य त्या शब्दांना भितो. वकिलाची नोटीस आली, कार्यमुक्तीचे पत्र अडकले, की तो पुढील जागा नाकारतो. न्यायालयापर्यंत न गेलेल्या अशा प्रकरणांत शून्य करार पूर्णपणे पाळला जातो आणि दोन वर्षांची मजुरी नाहीशी होते. हा परिणाम कायद्याचा नसून भाषेचा आहे. तो दूर करावयाचा तर उदाहरणातील तरुणाला ते इंग्रजी वाक्य मराठीत फोडून दाखविले पाहिजे : यात कर्ता कोण, काळ कोणता, आणि 'सोडल्यावर' या शब्दानंतर जे लिहिले आहे त्याला कायदा ओळखतो काय. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर १८७४ पासून बदललेले नाही.